बारावीनंतरचा हिशेब

(तालुक्यातील एका गावाच्या सार्वजनिक वाचनालयात पालक आणि विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आयोजकांनी मला विषय दिला 'बारावीनंतरच्या संधी'. संधींची यादी बाहेरच्या टेबलावर पुस्तिकेत छापलेली आहे, ती घरी नेऊन वाचा. मी शासकीय तंत्रनिकेतनात शिकवत होतो, आणि प्रवेशाच्या दिवसांत आमच्याकडेच सुविधा केंद्र असायचं. त्या टेबलामागे बसून जे दिसलं त्यावर बोलतो.

लाइन निवडताना आपण एवढंच बघतो, की सगळं नीट जमलं तर पोरगं कुठे पोचेल. नाही जमलं तर दोन-तीन वर्षांनी त्याच्या हातात काय उरेल, हे फारसं कुणी विचारत नाही. आणि ज्याच्या घरी दोन एकर कोरडवाहू आहे त्याने तर आधी तेच विचारायला हवं. डॉक्टरांच्या मुलाचं वर्ष वाया गेलं तर घरात चार दिवस तोंडं उतरतात. शेतमजुराच्या मुलाचं गेलं तर धाकटीचं शिक्षण थांबतं. म्हणून एकच सल्ला दोघांना चालत नाही, आणि करिअर मेळाव्यात तर तोच एक सल्ला माइकवरून सगळ्यांना दिला जातो.

नीटपासून, म्हणजे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेपासून, सुरू करतो, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त पैसा तिथे जातो. १८० प्रश्न, ७२० गुण, चुकलं की एक गुण वजा. एमबीबीएससाठी हीच परीक्षा, आयुर्वेदाच्या बीएएमएस आणि होमिओपॅथीच्या बीएचएमएससाठीही हीच. शासकीय जागा थोड्या, खासगीची फी बहुतेकांच्या आवाक्याबाहेर. मग 'रिपीट' सुरू होतं, म्हणजे वर्षभर थांबून तीच परीक्षा पुन्हा. लातूरला, नांदेडला खोली करून राहणारी मुलं मी पाहिली आहेत. पहिला रिपीट मला मान्य आहे. मूल अभ्यासू असेल, गुण हातातोंडाशी येऊन थांबले असतील, तर जरूर द्या एक वर्ष. दुसऱ्या रिपीटच्या वेळी मात्र बापाने मार्कशीट समोर घेऊन बसावं. मागच्या वर्षीपेक्षा गुण किती वाढले? वाढलेच नसतील तर पुढच्या वर्षी कशाने वाढणार? याचं उत्तर क्लासवाल्याला विचारू नका. त्याची फी त्या उत्तरावर अवलंबून आहे.

आणि रिपीट करताना बाकीची दारं लावून घेऊ नका. त्याच वर्षी एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेशपरीक्षेचा पीसीबीचा (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) फॉर्म भरा. बी-फार्मसीला आणि बीएस्सी ॲग्रीला तो चालतो. राहुरी, अकोला, परभणी, दापोली या चार कृषी विद्यापीठांखालच्या महाविद्यालयांत त्यातूनच प्रवेश होतात. बीएस्सी नर्सिंगची सीईटी वेगळी आहे, तीही देता येते. अकरावीत गणित सोडून बी ग्रुप घेतला की इंजिनिअरिंगचा रस्ता बंद होतो, हे मात्र अनेक पालकांना बारावीच्या निकालानंतर कळतं. समोर जे अकरावीवाले बसले आहेत त्यांनी ऐकून ठेवा. गणित जड जातं म्हणून सोडणं वेगळं, आणि शेजारच्याने सोडलं म्हणून सोडणं वेगळं.

आता इंजिनिअरिंग. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित महाविद्यालयांना परवानगी दिली. त्याआधी पुणे, मुंबई, सांगली, कराड अशी मोजकीच ठिकाणं होती. त्या निर्णयाने तालुक्यातला पोरगा इंजिनिअर झाला, हे खरं. त्याच निर्णयाने प्रयोगशाळेत धूळ खात पडलेली यंत्रं असलेली कॉलेजंही निघाली, हेही खरं. म्हणून 'इंजिनिअरिंगला स्कोप आहे का' या प्रश्नाला उत्तर नाही. कोणत्या कॉलेजात, कोणत्या शाखेत, आणि किती फी भरून, हे सांगा; मग बोलता येईल.

खरी ठेच लागते ती पसंतीक्रमाच्या फॉर्मला. २०२५ च्या प्रवेशाला नियम असा होता, की पहिल्या फेरीत तुमचं एक नंबरला टाकलेलं कॉलेज लागलं तर ती जागा आपोआप कायम. ती घ्या नाहीतर पुढच्या फेऱ्या विसरा. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन पसंतींना तोच नियम, तिसरीत पहिल्या सहांना. माझ्यासमोर एक मुलगा वडिलांबरोबर आला होता. फॉर्म नेट कॅफेवाल्याने भरलेला. त्याने कॉलेजच्या नावाप्रमाणे यादी लावली होती, मोठं नाव वर. एक नंबरला मोठ्या कॉलेजातलं सिव्हिल. पोराला हवं होतं कॉम्प्युटर, आणि ते त्याला त्याच्या गुणांवर दोन-तीन ठिकाणी मिळालंही असतं. लागलं सिव्हिल. वडील म्हणत होते, "सर, अजून तीन फेऱ्या आहेत ना?" वडील पिशवीतून एकेक कागद काढून टेबलावर मांडत होते, जणू एखाद्या कागदाने तो नियम फिरला असता. फॉर्म कॅफेवाल्याकडून टाइप करून घ्या, हरकत नाही. यादी घरी बसून वहीत लिहून न्या. मिळण्याची शक्यता किती आहे हे बघून क्रम लावू नका. जे सगळ्यात जास्त हवं ते सगळ्यात वर. एवढंच सूत्र. नियम दर वर्षी थोडेफार हलतात, त्यामुळे त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय बोटही लावू नका.

फीचं बोलू. २०२४ पासून ज्या मुलींच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे आणि ज्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) किंवा ओबीसी गटात येतात, त्यांची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी शासन भरतं. प्रवेश कॅपमधून, म्हणजे शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून, झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला की हा लाभ गेला. खोली आणि मेस त्यात धरलेली नाही. 'मुलींचं शिक्षण फुकट' हे वाचून पुण्याला निघालेल्या घरांना दुसऱ्याच महिन्यात मेसचं बिल दिसतं. मुलांसाठी आणि मुलींसाठी टीएफडब्ल्यूएस नावाच्या पाच टक्के जास्तीच्या जागा असतात, उत्पन्नाची अट तीच आठ लाखांची. तिथे शिक्षण फी माफ. पण त्या जागांना जास्त गुण लागतात आणि नंतर कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही. फॉर्ममध्ये या जागांचा कोड वेगळा टाकावा लागतो, आणि तो टाकायचाच राहून जातो.

आता डिप्लोमा आणि आयटीआय. इथे माझा पक्षपात आहे, तो लपवत नाही. बारावी सायन्स झालेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. दोन वर्षांत डिप्लोमा हातात. तिथून डिप्लोमाच्या टक्क्यांवर, सीईटी न देता, डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. मधे कुठेही थांबलात तरी नोकरी लागण्याजोगा कागद हातात असतो. लोक म्हणतात, यात डिग्रीला एक वर्ष जास्त जातं. जातं. पण सीईटी बिघडलेल्या मुलाने कुठल्यातरी कॉलेजात व्यवस्थापन कोट्यातून डिग्री घ्यावी त्यापेक्षा हे वर्ष स्वस्त आहे. एक अडचण सांगायला हवी: डिग्रीला गेलेली डिप्लोमाची मुलं एम-थ्रीला, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या गणिताला, आपटतात. वर्कशॉपमध्ये ती इतरांना शिकवतात, आणि गणिताच्या पेपरला गप्प होतात. डिप्लोमा आणि डिग्रीच्या मधल्या सुट्टीत डिग्रीच्या पहिल्या वर्षाचं गणित करून ठेवलं तर हे टळतं.

आयटीआयबद्दल बोलायला लागलो की पालक घड्याळ बघतात. दहावी नापासांची जागा, अशी समजूत अजून गेलेली नाही. फिटर आणि इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचे, वेल्डर एक वर्षाचा. शासकीय संस्थेत फी नाममात्र. नंतर ॲप्रेंटिसशिप, म्हणजे कामावरची उमेदवारी; तिचा कायदा १९६१ चा आहे आणि त्यात विद्यावेतन द्यावंच लागतं. एसटीची आगारं घेतात, रेल्वे घेते, चाकण आणि वाळूजच्या कंपन्या घेतात. महावितरणच्या विद्युत सहायकाच्या जागेला इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनचं प्रमाणपत्र लागतं, नुसती बारावी चालत नाही. आणि दोन वर्षांच्या आयटीआयवरूनही डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. म्हणजे फिटरच्या टेबलापासून डिग्रीपर्यंत रस्ता जोडलेला आहे. लग्नाच्या बाजारात तो अजून मोजला जात नाही, ही गोष्ट वेगळी. आणि तीच खरी अडचण आहे, हे आपण सगळे जाणतो.

कॉमर्सवाल्यांना दोन शब्द. सीएची फाउंडेशन ही पहिली परीक्षा बारावीनंतर देता येते, आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालची उमेदवारी) आता दोन वर्षांची झाली आहे. फी इंजिनिअरिंगच्या मानाने कितीतरी कमी, पण किती वर्षं लागतील ते कुणी सांगू शकत नाही. म्हणून सोबत बीकॉम चालू ठेवायचं. बीबीए, बीसीएला २०२४ पासून आपल्याकडे सीईटी लागली आणि अनेक मुलांची ती द्यायचीच राहिली. फॉर्मच्या तारखा निकालाच्या कितीतरी आधी निघून जातात.

बीए, बीएस्सी करून एमपीएससी करणारी मंडळी इथे बरीच दिसतात. पुण्याच्या अभ्यासिकांत वयाची तिशी ओलांडलेली मुलं आहेत, हे त्यांच्या घरच्यांना माहीत असतं आणि गावाला सांगितलेलं नसतं. मी परीक्षा देऊ नका म्हणत नाही. किती प्रयत्न करायचे, हे पहिल्या प्रयत्नाआधी घरात ठरवा. पोलीस भरती बारावीवर देता येते. त्या मुलांनी नाशिकच्या मुक्त विद्यापीठात नाव घालून ठेवावं, मैदान करता करता डिग्री होते. नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर डिप्लोमा घेऊन बाहेर पडायची सोय आहे, ठरलेले श्रेयांक पूर्ण केले तर. त्या एका वर्षाच्या प्रमाणपत्राला आपल्या एमआयडीसीत कुणी विचारतं का? मला तरी अजून तसा मालक भेटलेला नाही.

शेवटी कागद. आरक्षणातून प्रवेश घ्यायचा असेल तर जात पडताळणीचा अर्ज बारावीत असतानाच कॉलेजमार्फत करा. जूनमध्ये समितीकडे गर्दी उसळते. नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र कोणत्या तारखेपर्यंत वैध आहे ते आजच बघा. शाळेच्या दाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव एकच आहे का, आईच्या नावासकट तपासा. इथले बरेच जण उद्या बाजाराला तहसीलच्या गावी जाणार आहेत. सेतू केंद्र त्याच रस्त्यावर आहे, आणि दुपारी दोननंतर तिथे रांग कमी असते.