बावीस यार्डांचा नियम

(दृश्य: रिकामं मैदान. दोन्ही टोकांना यष्ट्या.)

क्रिकेटची खेळपट्टी. बावीस यार्ड, म्हणजे वीस मीटर आणि वर बारा सेंटिमीटर. गल्लीतलं कुठलंही पोर हे अंतर पावलांनी मोजून दाखवेल.

ब्रिटनमध्ये जवळपास एवढ्याच अंतरावर अपंग माणसाचा भत्ता ठरतो. वीस मीटरच्या पलीकडे पाय जात नसतील, तर हिंडण्याफिरण्यासाठीची रक्कम वरच्या दराने मिळते. त्याच्यापुढे थोडं चालता आलं, तर साधारणपणे खालचा दर. 2013 मध्ये नवा भत्ता येण्याआधी व्यवहारात पन्नास मीटर धरत असत. एका आकड्याच्या बदलाने अनेकांच्या दारातली गाडी गेली, कारण ती वरच्या दराच्याच जोरावर भाड्याने मिळालेली होती.

(दृश्य: स्कॉटलंडमधलं डंडी शहर. टे नदीचं रुंद पात्र, काठावर पाऊस.)

2016 च्या कायद्याने लंडनने, म्हणजे ब्रिटनच्या केंद्र सरकारने, काही भत्ते स्कॉटलंडच्या हवाली केले. अपंगांचे, घरच्या आजाऱ्याची काळजी घेणाऱ्यांचे, बाळंतपणाच्या मदतीचे. म्हातारपणाचं सरकारी पेन्शन आणि युनिव्हर्सल क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांना मिळणारी मदत, मात्र लंडनने आपल्याकडेच ठेवलं. 2018 मध्ये एडिंबरच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या, संसदेने स्वतःचा कायदा केला, तोही एकमताने. सामाजिक सुरक्षा हा मानवी हक्क आहे, असं त्याच्या पहिल्याच कलमात लिहिलंय.

पैसे वाटणाऱ्या यंत्रणेचं मुख्यालय डंडीत आहे. इमारतीचं नाव ॲग्नेस हजबंड हाउस. ही बाई विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच गावात, गरिबांच्या मदतीचा कारभार पाहणाऱ्या मंडळावर निवडून आली होती. इमारतीला हे नाव देणाऱ्याला दाद द्यायला हवी.

पण हक्क म्हटलं म्हणून पोट भरत नाही. कुणाला, किती, कोणत्या कागदावर, हे सगळं नियमांत असतं. आपल्या सवयीचा शब्द वापरायचा तर जीआरच्या जवळपासची चीज. आणि इथे एक मेख आहे. नियमांचा मसुदा एडिंबरच्या संसदेपुढे येतो, तेव्हा सदस्य फक्त हो किंवा नाही म्हणू शकतात. एक स्वल्पविरामही हलवता येत नाही. काही बदलायचं तर ते मसुदा सभागृहात येण्याआधी.

(दृश्य: टेबलावर मसुद्याची चळत. समासात पेन्सिलच्या खुणा.)

या ‘आधी’साठी 2019 मध्ये एक आयोग आला, स्कॉटलंडचा सामाजिक सुरक्षा आयोग. लंडनच्या नियमांवर नजर ठेवणारी समिती 1980 पासून होती, पण स्कॉटलंडचे नवे भत्ते तिच्या कक्षेत नव्हते. आयोगात माणसं मोजकीच. निवडताना धोरणाची जाण तर बघायचीच, शिवाय अपंगत्व घेऊन रोजचं जगणं कसं असतं याचा अनुभवही आयोगात असावा, असं कायदाच सांगतो. पहिल्या अध्यक्ष सॅली विचर. त्याआधी त्या अपंगांच्याच एका संघटनेच्या प्रमुख होत्या.

आता अधिकार. आयोगाला नियम रोखता येत नाही, दंड करता येत नाही. नेमणूक मंत्री करतात, पैसाही सरकारचाच. मग स्वतंत्र कसला, असं कुणी विचारलं तर तो प्रश्न वावगा नाही. पण आयोगाच्या हातात एक गोष्ट आहे. त्याने मसुद्यावर मानवी हक्कांच्या कसोटीने शेरे मारायचे, ते जाहीर करायचे. आणि नियम संसदेपुढे ठेवताना सरकारने त्या शेऱ्यांना लेखी उत्तर द्यायचं. मान्य नसेल तर का नाही, तेही लिहायचं. ज्याने सरकारी कचेरीत एकदा तरी ‘लेखी द्या’ म्हटलंय, त्याला या दोन शब्दांचं वजन सांगायला नको.

स्कॉटलंडचा मुलांसाठीचा साप्ताहिक भत्ता 2021 मध्ये सुरू झाला. सहा वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे दहा पौंड. 2022 च्या अखेरीस तो सोळा वर्षांखालच्या मुलांपर्यंत पोचला, रक्कम पंचवीस. पण तो मिळतो लंडनच्या युनिव्हर्सल क्रेडिटसारख्या मदतीच्या आधारावर. पगार जरासा वाढून ती मदत बंद झाली, की हाही भत्ता टप्प्याटप्प्याने नाही, एका झटक्यात जातो. एक पाय एडिंबरमध्ये, दुसरा लंडनमध्ये.

(दृश्य: पुन्हा मैदान. संध्याकाळ.)

अपंग प्रौढांसाठीचा स्कॉटलंडचा भत्ता मार्च 2022 मध्ये डंडी, पर्थ आणि पश्चिमेकडच्या बेटांवर सुरू झाला, ऑगस्टमध्ये देशभर. खाजगी कंपन्यांकडून होणारी तपासणी गेली. वीस मीटर राहिले. सरकारचं तेव्हा म्हणणं असं होतं की लंडनकडून लाखो लोकांची प्रकरणं यायची होती. मधेच निकष बदलला तर जुन्यांना एक न्याय आणि नव्यांना दुसरा होईल. अपंगांच्या संघटनांना हे पटलं नाही.

आकडा राहिला, पण त्याच्याबरोबर नियमात आणखी काही शब्द आहेत. चालता यायला हवं ते सुरक्षितपणे, रास्त वेळात आणि पुन्हा पुन्हा. म्हणजे कसंबसं या यष्ट्यांपासून त्या यष्ट्यांपर्यंत गेलात आणि मग तासभर बसून राहावं लागलं, तर ते चालणं धरायचं नाही. अधिकारी विचारणार, दुसरी धाव घेता येते का?