जठर कुठल्या थरातून बनतं? एका शब्दात उत्तर देऊ नका

परीक्षेत हमखास येणारा प्रश्न: जठर कुठल्या जननस्तरातून, म्हणजे गर्भाच्या सुरुवातीच्या तीन थरांपैकी कुठल्या थरातून, बनतं? आपण डोळे झाकून लिहितो, ‘अंतःस्तर’. मार्क मिळतात, पण जठर काही पूर्ण होत नाही. अंतःस्तरातून येतं ते फक्त आतलं अस्तर आणि त्याच्या ग्रंथी. अन्न घुसळणारा स्नायू मध्यस्तराचा, रक्तवाहिन्याही त्याच्याच. आणि स्नायूला हलवणाऱ्या चेतापेशी? त्या चक्क बाह्यस्तरातून!

जरा मागे जाऊ. गर्भाचा तिसरा आठवडा. गर्भ म्हणजे तेव्हा दोन पदरांची चपटी चकती. साधारण पंधराव्या दिवशी वरच्या पदरावर एक रेघ उमटते आणि पेशी त्या रेघेतून आत उतरू लागतात. आधी उतरलेल्या खालच्या पदराची जागा घेतात, तो अंतःस्तर. मागाहून आलेल्या मध्येच पसरतात, तो मध्यस्तर. वर राहिल्या तो बाह्यस्तर. म्हणजे तिन्ही थर वरच्याच पदरातून निघाले!

पुढची यादी पुस्तकात आहेच. बाह्यस्तरातून त्वचेचा वरचा थर, केस, मेंदू, मज्जारज्जू. मध्यस्तरातून हृदय, मूत्रपिंडं, रक्त, बहुतेक हाडं. अंतःस्तरातून फुप्फुसांचं अस्तर, यकृत, स्वादुपिंड. पाठ करा, पण थरांवरून अवयवांची सरळ वाटणी होते असं मात्र समजू नका.

आता त्या चेतापेशी. बाह्यस्तर पाठीच्या बाजूने दुमडून नळी बनते, तिचा पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होतो. नळी मिटताना कडेच्या काही पेशी सुटून निघतात. या न्यूरल क्रेस्टच्या पेशी. मला तर हीच मंडळी सगळ्यात आवडतात, कुठे कुठे पोचतात! त्यांतल्या मानेच्या भागातून निघालेल्या अन्ननलिकेत शिरतात आणि पार मोठ्या आतड्याच्या टोकापर्यंत जातात. सातव्या आठवड्याच्या सुमारास पोचतात.

कधी कधी पोचत नाहीत. वरून खाली प्रवास, म्हणून रिकामं राहतं ते शेवटचं टोक. तिथलं आतडं आवळलेलंच राहतं, त्याच्या वरचं फुगत जातं. बाळ जन्मतं, पण पहिली काळपट शी ४८ तास झाले तरी होत नाही. हा हिर्शस्प्रंगचा आजार, साधारण ५,००० जन्मांत एक. निदानासाठी गुदाशयाच्या भिंतीचा बारीकसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. अस्तर असतं, स्नायू असतो, चेतापेशी मात्र एकही नसते.