पाचव्या बाईचा आकडा

(यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावच्या वाचनालयात दिलेलं व्याख्यान, थोडं आवरून-सावरून)

मंडळी, मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट सांगतो. आमच्या वावरात कापसाची वेचणी चालू होती. बाया पाच. संध्याकाळी एकेकीचं गाठोडं काट्यावर चढायचं, आकडा वहीत पडायचा, किलोमागे मजुरी. एका संध्याकाळी कुणाचा तरी धक्का लागून पाण्याचा गडवा वहीवर लवंडला. चार आकडे दिसत होते : 34, 27, 31, 22. पाचवा पार पुसला. मी डोक्याला हात लावून बसलो, तर वहिनी म्हणाली, "काहून बसला बाप्पा? खाली बेरीज हाय ना, दीडशे."

चौघींचे झाले 114. उरले 36. बेरीज ठाऊक असली की पाचव्या आकड्याला स्वतःचं असं काही सांगायला उरतच नाही. चार आकडे मनाला येतील ते असू शकतात, पाचवा बांधला गेला. आकडे पाच, मोकळे चार. बी.एस्सी.ची पोरं 'एन वजा एक' म्हणून जे घोकतात, त्या डिग्रीज ऑफ फ्रीडम म्हणजे एवढंच. मी आज त्याला 'मोकळीक' म्हणणार आहे, कारण मला तो शब्द आवडतो.

हा शब्द आकडेवाल्यांनी यंत्रशास्त्राकडून उसना आणला. खळ्यात मेढीला बांधलेला बैल आठवा. दावं ताणलेलं असलं तर बैल कुठं आहे हे सांगायला एकच आकडा पुरतो : वर्तुळात किती अंश फिरला. मोकळीक एक. त्याच बैलाला पडीत वावरात सोडा, आता दोन आकडे लागतात : या धुऱ्यापासून किती, त्या धुऱ्यापासून किती. दाव्यानं एक मोकळीक खाल्ली होती. हवेतल्या रेणूंचाही असाच हिशेब असतो. एकट्या अणूच्या वायूला तीन : पुढंमागं, डावंउजवं, वरखाली. नायट्रोजन-ऑक्सिजनसारखी जोडी असली तर नेहमीच्या तापमानाला पाच, कारण जोडीला गिरक्याही घेता येतात. ते तिथंच सोडू.

आपल्या आकड्यांत दावं कोणतं? सरासरी. आता नीट बघा, कारण इथंच बहुतेकांची गाडी अडते. पाच जणींची सरासरी 30. प्रत्येकीचा फरक : अधिक 4, उणे 3, अधिक 1, उणे 8, अधिक 6. बेरीज शून्य, ती नेहमीच शून्य येणार. वर्ग करून मिळवले की 126. आकडे किती पांगलेत ते मोजायला याला पाचानं भागायचं सोडून पुस्तकं चारानं भागायला सांगतात. पोरं विचारतात, सर, पाच बाया असताना चार का? आणि सर म्हणतात, सूत्र आहे.

सूत्र नाही, न्याय आहे. समजा, आजवरच्या सगळ्या वह्या चाळून आपल्याला माहीत आहे की या बायांची खरी सरासरी 28 आहे. फरक 28 पासून मोजा : 6, उणे 1, 3, उणे 6, 8. वर्गांची बेरीज 146. म्हणजे 126 पेक्षा जास्त. कोणताही दुसरा आकडा घेऊन बघा, बेरीज 126 च्या खाली जाणार नाही. त्या दिवशीची सरासरी त्या दिवशीच्याच आकड्यांतून काढलेली, ती त्यांच्या मधोमध जाऊन बसते. घरच्याच माणसाला पंच नेमलं तर निवाडा जरा घरच्या बाजूनं झुकणारच. म्हणून आकड्यांतली पांगापांग आहे त्यापेक्षा कमी दिसते, आणि चारानं भागून आपण ती भरपाई करतो. सरासरी बाहेरून, जुन्या वह्यांतून आली असती, तर खुशाल पाचानं भागा; मोकळीक खर्च झालेलीच नाही.

आणि आकडा एकच असेल तर? सरासरी तोच, फरक शून्य, मोकळीकही शून्य. शून्याला शून्यानं भागायचं; उत्तरच नाही. बियाण्याच्या जाहिरातीत एका पराटीचा बोंडांनी लदलेला फोटो येतो ना, त्या फोटोची मोकळीक एवढी आहे.

मोकळीक थोडी असली की सावध राहावं लागतं, किती ते विल्यम गॉसेट या माणसानं दाखवलं. डब्लिनच्या गिनेस कंपनीत बीअरसाठी लागणाऱ्या जवाचा वगैरे हिशेब बघायचा. त्याच्याकडे नमुने असायचे चार-पाच. 1908 साली त्यानं 'स्टुडंट' या टोपणनावानं लेख लिहिला. त्यातून पुढं आलेलं कोष्टक आजही चालतं; सरासरीच्या मागेपुढे किती अंतर सोडायचं, ते काढायचा गुणक त्यात मिळतो. भरपूर नमुने असतील तर 95 टक्के खात्रीसाठी गुणक 1.96. मोकळीक चार असेल तर 2.776. दोन असेल तर 4.303. एकच असेल तर 12.706! आपल्या पाच जणींसाठी हिशेब केला तर सरासरी 30, मागेपुढे 7 किलो. 1.96 वापरून कुणी 5 म्हणाला, तर तो उगाच छाती फुगवतोय.

मोठी माणसंही इथं घसरली आहेत. समजा 100 पराट्या तपासल्या, प्रत्येक वेगळ्या वावरातली (हे का म्हणतोय ते पुढं कळेल). 60 वर फवारणी झालेली, 40 वर नाही. एकूण 30 मध्ये गुलाबी बोंडअळी. फवारलेल्यांत अळीची झाडं 12 निघाली. एवढं सांगितलं की बाकीचे तीन रकाने तुम्हीच भराल : 48, 18, 22. म्हणजे चार रकाने, मोकळा एक. कार्ल पिअरसन या संख्याशास्त्रज्ञानं 1900 साली काय-वर्ग कसोटी दिली (एक आकडा काढायचा, तो ठरलेल्या हद्दीपुढं गेला तर फरक नुसता योगायोग नाही असं धरायचं), पण अशा तक्त्यात तो मोकळीक तीन धरायचा. रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात काम करणाऱ्या रोनाल्ड फिशरनं 1922 साली दाखवलं की ती एकच आहे. पिअरसनला ते पटलं नाही, पण खरा फिशरच होता. आपल्या तक्त्याचा काय-वर्ग येतो 7.14. मोकळीक तीन धरली तर हवे 7.815, म्हणजे फवारणीचा फरक सिद्ध होत नाही. एक धरली तर पुरतात 3.841, म्हणजे होतो. आकडे तेच, अळी तीच, निकाल उलटा.

आता माझी फजिती. कृषी महाविद्यालयात शिकताना दोन वाणांची तुलना केली. एकेका वाणाचे चार वाफे, वाफ्यात दहा-दहा झाडांची बोंडं उन्हातान्हात मोजली. 80 झाडं, दोन सरासऱ्यांचे दोन वजा, मोकळीक 78, मी खूश. आमच्या सरांनी कागद परत सरकवला. "वाण झाडाला दिलं की वाफ्याला?" वाफ्याला. एका वाफ्यातल्या दहा झाडांना तीच माती, तेच पाणी, तोच उतार. ती दहा साक्षीदार नव्हेत, एकाच्याच दहा सह्या. वाफे आठ, वजा दोन, मोकळीक सहा. माझा फरक हवेत विरला. या चुकीला 1984 साली हर्लबर्ट नावाच्या पर्यावरणशास्त्रज्ञानं 'स्यूडोरेप्लिकेशन' असं नाव दिलं, म्हणजे पुनरावृत्तीचा नुसता देखावा. छापून आलेल्या शोधनिबंधांतही ती सर्रास सापडते, एवढं मला समाधान.

शेवटी मागच्या रांगेतून एका काकांनी विचारलं, "औंदा मी एका बाजूनं नवं बियाणं लावलं, एका बाजूनं जुनं. नवं चांगलं आलं. मग?"

काका, ती नव्याची एक बाजू आणि जुन्याची एक बाजू. बाजू दोन, सरासऱ्या दोन, हातात शून्य. नवं बियाणं नाल्याकडच्या भारी जमिनीत पडलं असेल तर तुम्ही बियाणं मोजलं की जमीन? पुढच्या वर्षी वावराच्या सहा जोड्या पाडा, शेजारी-शेजारी दोन-दोन पट्टे. प्रत्येक जोडीत नवं कोणत्या पट्ट्यात हे नाणं उडवून ठरवा, मनानं नको. धुऱ्यालगतच्या ओळी सोडून द्या, तिथं ढोरं तोंड घालतात. दर पट्ट्याचा कापूस वेगळा तोला आणि जोडीतला फरक लिहा. सहा फरक, मोकळीक पाच, गुणक 2.571. आणि वही पाण्याच्या गडव्यापासून लांब ठेवा.