नाकाची वाट डोळ्यापाशी जाते

नमस्कार श्रोतेहो.

मी नागपुरात त्वचारोगाची डॉक्टर आहे. तुळशीचं लग्न लागलं, की माझ्या दवाखान्यातले प्रश्न बदलतात. एरवी मुरुम, वांग, केसगळती. त्या दिवसांत मात्र मुलगी मोबाईलमधला स्वतःचा फोटो पुढे करते आणि म्हणते, "मॅडम, ऑपरेशन नको, पण ते इंजेक्शनवालं नाक करून द्याल का?" शेजारी बसलेली आई हळूच सांगते, "आमच्या घरी सगळ्यांचंच नाक बसकं आहे न जी."

हे इंजेक्शन म्हणजे फिलर. बहुतेक वेळा त्यात हायल्युरॉनिक ॲसिडचं घट्टसर जेल असतं. हा पदार्थ आपल्या त्वचेत आणि सांध्यांत मुळातच असतो. नाकाला ते फार लागत नाही, एक मिलिलिटरच्या आतबाहेर पुरतं. बसका दांडा उंच करता येतो, शेंडा थोडा उचलता येतो. दांड्यावर उंचवटा असेल, तर त्याच्या वर आणि खाली जेल भरून रेघ सरळ दिसेल असं करता येतं. पंधरावीस मिनिटांचं काम, आणि साधारण नऊ महिने ते दीड वर्षात ते हळूहळू विरतं. पण फिलर भर घालतं, काढून काही घेत नाही. मोठं नाक त्याने लहान होत नाही, आणि आतला पडदा वाकडा असल्यामुळे श्वास कोंडत असेल, तर तो मोकळा होत नाही.

फोटोबद्दलही सांगते. २०१८ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी हिशेब मांडला होता. साधारण एक फुटावरून काढलेल्या सेल्फीत नाक पाच फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा जवळजवळ तीस टक्के रुंद दिसतं. म्हणून मी आधी त्या मुलीला समोरच्या भिंतीपाशी उभी करते, माझ्या खुर्चीतून फोटो काढते आणि तिलाच दाखवते. काही जणी तो बघून आईला म्हणतात, "चल, घरी जाऊ." मला मनापासून आनंद होतो.

ज्या थांबतात, त्यांना मी पुण्याची एक जुनी हकीकत सांगते.

इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी होता. १७९२ च्या लढाईत तो टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला आणि त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. पुढे पुण्याजवळच्या एका कुंभाराने त्याला नवं नाक बसवून दिलं. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात ही शस्त्रक्रिया चित्रासह छापून आली आणि तिकडचे सर्जन थक्क झाले. कुंभाराने मेणाच्या पातळ पत्र्याचं नाक घडवलं, ते उलगडून कपाळावर ठेवलं, भोवती रेघ ओढली आणि तेवढी कातडी सोडवून खाली वळवली. दोन भुवयांच्या मधली एक अरुंद पट्टी मात्र त्याने तोडली नाही. तिच्यातून येणाऱ्या रक्तावर नवं नाक जगलं. साधारण पंचविसाव्या दिवशी, नाक रुजल्यावर, ती पट्टी कापली.

त्या पट्टीतली रक्तवाहिनी येते कुठून? डोळ्याच्या खोबणीतून. डोळ्याला रक्त पुरवणारी मोठी धमनी आहे, तिचीच एक फांदी कपाळावर चढते आणि दुसरी नाकाच्या दांड्यावर उतरते. डोळ्याच्या पडद्याला रक्त नेणारी बारीक नळीही तिलाच फुटते. नाकी-डोळी नीटस असं आपण म्हणतो ना, ते नाक आणि डोळा आतून असे एका नळाला जोडलेले आहेत.

आता सुईचं टोक चुकून दांड्यावरच्या त्या फांदीत शिरलं आणि दट्ट्या जोरात दाबला गेला, तर जेल रक्ताला मागे रेटत उलटं जातं, थेट मूळ धमनीपर्यंत. दाब सुटला, की रक्त त्याला पुढे ढकलतं आणि ते पडद्याच्या नळीत जाऊन बसतं. एक-दीड तास रक्त मिळालं नाही, की पडदा कायमचा जातो. इतक्या वेळात उपचार मिळूनही गेलेली दृष्टी परत आल्याची उदाहरणं फार थोडी आहेत. फिलरमुळे नजर गेलेल्या किंवा बिघडलेल्या जगभरातल्या ९८ प्रसिद्ध नोंदी २०१५ मध्ये एकत्र केल्या गेल्या. त्यांत नाकाच्या साधारण पाव होत्या. २०१९ मध्ये आणखी ४८ नोंदी गोळा झाल्या, त्यांत निम्म्याहून जास्त नाकाच्या. लाखो इंजेक्शनांच्या मानाने हे विरळाच आहे, हे मी मान्य करते. मी स्वतःही हे काम करते. पण दर वेळी सुई हातात घेताना तो नळ माझ्या डोळ्यांपुढे असतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आजवर कुठल्याही फिलरला नाकासाठी म्हणून मंजुरी दिलेली नाही, हेही मी प्रत्येकीला सांगते.

दोन वर्षांपूर्वी एक मुलगी माझ्याकडे आली. तिसऱ्या दिवशी आली. एका ठिकाणी स्वस्तात नाक करून घेतलं होतं. सुई घालतानाच शेंडा पांढराफटक पडला, कळ उठली. रात्री डाव्या नाकपुडीवर जांभळी जाळी उमटली. तिने फोन केला, तर उत्तर मिळालं, "सूज आहे, बर्फ लावा." श्रोतेहो, बर्फाने रक्तवाहिनी आणखी आकसते. त्या घडीला हवी असते कोमट पाण्याची घडी, आणि हवं असतं हायल्युरोनिडेज नावाचं औषध, जे हे जेल विरघळवतं. मी ते पुन्हा पुन्हा दिलं. शेंडा वाचला. नाकपुडीचा कडेचा तुकडा मात्र काळा पडून गळाला.

म्हणून जिथे हे करून घ्यायचं, तिथे आधी विचारा, "ते विरघळवायचं औषध आता, या खोलीत आहे का?" "मागवता येईल" हे उत्तर चालणार नाही. डॉक्टरांचा मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक बघा. खोका तुमच्यासमोर फुटू द्या आणि बॅच नंबरचं स्टिकर घरी आणा. सिलिकॉन किंवा "कायमचं टिकणारं" कोणी सांगितलं तर उठून या, कारण ते विरघळवायला औषध नाही. पार्लरमध्ये बिनसुईच्या पेनने जेल मारतात, त्याबद्दल अमेरिकेच्या त्याच प्रशासनाने २०२१ मध्ये लोकांना सावध केलं होतं. आणि नाकाचं ऑपरेशन पूर्वी झालं असेल तर ते लपवू नका. आतल्या व्रणांमुळे वाहिन्यांच्या जागा बदललेल्या असतात, धोका वाढतो.

इंजेक्शननंतर त्वचा पांढरी पडली, जाळी दिसली, दुखणं वाढत गेलं, तर सकाळची वाट पाहू नका. नजर अंधारली, एकाचे दोन दिसले, पापणी खाली आली, तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तत्क्षणी निघा.

एक खास आपल्या गावचं. इथे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसवर गेला, की स्कूटीवर बसणारी प्रत्येक मुलगी तोंडाला ओढणी करकचून बांधते. फिलरनंतरचे पहिले दोन आठवडे तशी बांधू नका, जड चष्माही नाकावर टेकवू नका. जेल मऊ असतं, दाबाने सरकतं. शक्यतो मे महिन्यात हे करूच नका.

त्या मुलीचं लग्न ठरल्या दिवशीच झालं. नथ टोचण्याच्या जागीच व्रण होता, म्हणून आईने बर्डीच्या बाजारातून दाबाची नथ आणली होती. अक्षता पडेपर्यंत तिने ती घातली आणि मग काढून आईच्या हातात दिली. त्या जागी काही टेकलं, की तिला अजून ती रात्र आठवते, असं तिने मला सांगितलं. तिच्या परवानगीने ही हकीकत तुम्हाला सांगते आहे. नमस्कार.