42.34 मीटर: शॉर्टवेव्ह स्टेशन उभं करायचं म्हणजे काय?

(हातात तारेचं वेटोळं)

ही तार बघा. सहासष्ट फूट, साधी तांब्याची. लॅमिंग्टन रोडवरून आणली. आज टेबलावर जे काही मांडलंय त्यात सगळ्यात स्वस्त हीच आहे, आणि ही नसेल तर बाकीचं सगळं म्हणजे नुसता खोली गरम करायचा हीटर.

सहासष्टच का? त्यासाठी ऑगस्ट 1942च्या मुंबईत जावं लागेल.

8 ऑगस्टला गवालिया टँकवर 'छोडो भारत'चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे नेते तुरुंगात गेले. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, आकाशवाणी सरकारची. अशात 27 ऑगस्टला शॉर्टवेव्हवर एक नवंच स्टेशन लागलं: काँग्रेस रेडिओ, 42.34 मीटरवर, हिंदुस्थानातून 'कुठूनतरी'. त्यामागे होती बावीस वर्षांची उषा मेहता आणि तिचे सहकारी, विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी, बाबुभाई खाकर. यंत्रसामग्री आणि तंत्रज्ञ मिळवून देणारे शिकागो रेडिओ या कंपनीचे नानक मोटवाने. काँग्रेसच्या अधिवेशनांना लाउडस्पीकर पुरवायचे, तेच.

आता हा 42.34चा आकडा फोडू. प्रकाशाच्या वेगाला तरंगलांबीने भागलं की वारंवारता मिळते. वेग सेकंदाला 299.79 दशलक्ष मीटर, भागिले 42.34, म्हणजे 7.08 मेगाहर्ट्झ. आज भारतातल्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या लोकांना 7.0 ते 7.2 हा पट्टा मिळतो, म्हणजे काँग्रेस रेडिओ आमच्याच अंगणात होता म्हणा ना! अँटेना अर्ध्या तरंगलांबीची लागते, 21.17 मीटर. तारेत लहर जरा हळू चालते म्हणून पाचेक टक्के वजा करा. उरतात 20.1 मीटर. फुटांत सहासष्ट.

आणखी एक गंमत. तरंगलांबी कुणी 'बेचाळीस मीटर' अशी मोघम सांगितली नव्हती, दशांशाची दोन घरं दिली होती. या पट्ट्यात मीटरचा शंभरावा भाग म्हणजे सुमारे 1.7 किलोहर्ट्झ. इतक्या ठामपणे आकडा तोच सांगतो, ज्याच्या प्रक्षेपण संचाची वारंवारता जागची हलत नाही. त्यामुळे माझा अंदाज असा, की आत वारंवारता पक्की धरणारा क्वार्ट्झचा क्रिस्टल असणार. या वारंवारतेसाठी तो चकतीसारखा कापला तर जाडी भरते जेमतेम पाव मिलिमीटर. जुने हॅम अशा चकत्या काचेवर कार्बोरंडमची पूड टाकून हाताने घासायचे. जितकी पातळ, तितकी वारंवारता वर. एक घास जास्त झाला की चकती वाया. उलट घासता येत नाही!

(संचाकडे वळून)

हा माझा संच. मधला जाडजूड बल्बासारखा दिसतो तो 807 व्हॉल्व्ह, तिसाच्या दशकातला. क्रिस्टल छोटीशी लहर तयार करतो, 807 ती मोठी करतो, आणि ही कॉइल आणि हा कंडेन्सर मिळून ती अँटेनाकडे पाठवतात. आता बघा, अँटेनाच्या जागी मी चाळीस वॉटचा साधा बल्ब लावलाय. नवीन संच पहिल्यांदा बल्बवरच चालवायचा, थेट हवेत सोडायचा नाही. कंडेन्सर फिरवतोय... मिलिअँपिअरचा काटा बघा, वर होता, एकदम खाली बसला. इथे ट्यून झाला. बल्ब मंद पेटलाय. आता मी माइकमध्ये बोलतो: 'हॅलो, हॅलो.' बघितलंत? प्रत्येक शब्दाला तो उजळतोय. माझा आवाज त्या लहरीवर बसला तो असा.

आवाज बसवायला लागतो मॉड्युलेटर. ए.एम.मध्ये, म्हणजे आवाजाप्रमाणे लहरीची ताकद कमीजास्त होते त्या पद्धतीत, शंभर वॉटची लहर असेल तर तिच्यावर आवाज पुरता चढवायला पन्नास वॉटचा अँप्लिफायर हवा. पन्नास वॉटचा अँप्लिफायर 1942 साली कुणाकडे असणार? सभांना लाउडस्पीकर लावणाऱ्याकडे! मोटवान्यांचा अँप्लिफायर याच कामाला लागला असं मी छातीठोकपणे सांगणार नाही, पण काँग्रेसवाले त्यांच्याकडे का गेले हे मला तरी या हिशोबातून उमगतं.

हा डबा पॉवर सप्लायचा. इथे सहाशे व्होल्ट डी.सी. आहे. स्विच बंद केला, प्लग काढला, तरी आतले कंडेन्सर भरलेले राहतात. तो भार उतरवायला एक रोधक (रेझिस्टर) कायम जोडलेला असतो. माझा एकदा जळला होता आणि मला पत्ताच नव्हता. प्लग काढलाय म्हणून बिनधास्त हात घातला आणि खुर्चीसकट मागे गेलो. तेव्हापासून एक हात खिशात, दुसऱ्या हातात लाकडी दांड्याला बांधलेली अर्थची तार. आधी ती टेकवायची, मग बोट लावायचं. आणि हो, लायसन्स नसेल तर यातलं काहीही हवेत सोडू नका. परीक्षा द्या, बाराव्या वर्षापासून देता येते. आणि हॅमला बोलता येतं, प्रसारण करता येत नाही. गाणी वगैरे विसरा.

इथपर्यंत संच झाला. त्याला मी अजून स्टेशन म्हणत नाही.

कारण काँग्रेस रेडिओ एका जागी बसलाच नाही. चौपाटीवरचं सी व्ह्यू, लॅबर्नम रोडचा अजित व्हिला, शेवटी गिरगावातली पारेख वाडी, असं बिऱ्हाड हलत राहिलं. संच पेटीत घालून नेता येतो. ही तार मात्र दर वेळी नव्याने बांधावी लागते. सहासष्ट फूट, शक्य तितकी उंच, शक्य तितकी मोकळी. गिरगावच्या वाडीत सहासष्ट फूट मोकळी जागा शोधून दाखवा! शेजारी लोखंडी जिना असेल, पत्रा असेल, पावसाचं पाणी उतरायचा पाइप असेल, तर तार बिघडते आणि संच पुन्हा ट्यून करावा लागतो. ट्यून करताना लहर हवेत जाते, तिच्यावर कार्यक्रम नसतो. रिकाम्या लहरीचा उपयोग फक्त शोधणाऱ्याला.

आणि शोधणारे होतेच. पोलिसांच्या गाड्या फिरत. त्या कशा शोधतात ते घरी करून बघा. हा खिशातला ट्रान्झिस्टर, मिडियम वेव्हवर लावलाय. हळूहळू गोल फिरवतो. आवाज आहे... आहे... आणि इथे मेला. आतल्या फेराइटच्या कांडीचं, म्हणजे त्याच्या अँटेनाचं, टोक स्टेशनकडे झालं की आवाज बुडतो. आवाज मोठा कुठे होतो त्यावरून दिशा ढोबळच कळते, कुठे मरतो त्यावरून नेमकी कळते. गाडीवरची वेटोळ्याची अँटेना हेच करते. दोन ठिकाणांहून अशा रेषा काढल्या की जिथे छेदतील तिथे तुमचं घर. शहरातल्या तारा आणि लोखंड या रेषा थोड्या वाकवतात, तेवढाच काय तो दिलासा. म्हणून कार्यक्रम थोडक्यात उरकायचा. ध्वनिमुद्रणाची जागा वेगळी, प्रक्षेपणाची वेगळी. तबकडी घेऊन यायचं, लावायची, निघायचं. चितगावचा बॉम्बहल्ला, जमशेदपूरचा संप, आपल्याकडच्या आष्टी आणि चिमूरमधले अत्याचार, हे सगळं याच लहरीवरून गेलं.

आता देखभाल. मुंबईत शत्रू नंबर एक खारी हवा. तांब्याच्या जोडावर महिन्याभरात हिरवं धरतं, सोल्डर पांढुरकं पडतं. म्हणून जोड सोल्डर करायचा, वर रबराची टेप, तिच्यावर पुन्हा साधी टेप, आणि तारेपासून संचाकडे येणारी केबल खाली झोळीसारखी वळवायची म्हणजे पाणी तिथूनच टपकतं, आत शिरत नाही. मी हे शिकलो एक पावसाळा फुकट घालवून. केबलच्या जाळीतून पाणी पार संचापर्यंत उतरलं होतं.

दुसरा शत्रू शेजार. एकदा मीटर एकाएकी वेडंवाकडं दाखवायला लागलं. दोन संध्याकाळी संच उघडून बसलो, काही सापडेना. शेवटी गच्चीवर गेलो, तर आमच्या तारेवर तळमजल्यावरच्या काकूंची ओली गोधडी. काकूंना म्हटलं, अहो, चालू असताना हिच्या टोकाला हात लागला तर भाजेल. त्या म्हणाल्या, मग बोर्ड लाव की! बरोबर होतं त्यांचं. लावला. तारही डोक्याच्या वर नेली.

काँग्रेस रेडिओकडे बोर्ड लावायची सोय नव्हती. आणि त्यांना दगा तारेने दिला नाही, क्रिस्टलनेही नाही. पारेख वाडीचा पत्ता पोलिसांना मिळाला तो त्यांच्याच तंत्रज्ञाकडून. मला हे स्टेशन चालवणारा म्हणून पटतं. संच ट्यून करता येणारा माणूस एकच असेल, तर त्याला प्रत्येक नवी जागा दाखवावीच लागते. तबकडी कुणीही लावेल. तो काटा खाली बसवणारा हात सहज मिळत नाही.

12 नोव्हेंबर 1942ची संध्याकाळ. उषा मेहतांना धोक्याची कल्पना होती, तरी त्या प्रक्षेपणाला गेल्या. शेवटी 'वंदे मातरम्'ची तबकडी चालू असताना पोलीस आत आले. खटला चालला, त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली. येरवड्यातून सुटल्या 1946 साली.

चला, बल्ब काढतो, तार जोडतो. आज रात्री साडेनऊला मी 7.080वर ऐकत बसणार आहे. लायसन्स असेल तर हाक मारा. नसेल तर नुसतं ऐका, शॉर्टवेव्हचा रेडिओ असेल तर या पट्ट्यात आमचे आवाज बदकासारखे येतील, तो तुमच्या रेडिओचा बिघाड नव्हे. ते का, पुढच्या व्हिडिओत.