रिकाम्या खिशाची थरथर

[दृश्य : टेबलावर पालथा ठेवलेला फोन. शेजारी बसलेल्या माणसाचा हात झटकन खिशाकडे जातो.]

खिसा थरथरला, म्हणून हात गेला. खिसा रिकामा. फोन समोर टेबलावर पालथा पडलाय, आणि तोही गप्प. या भासाला नाव आहे : फँटम व्हायब्रेशन. फोन बाळगणाऱ्या पुष्कळांना तो कधी ना कधी होतो. कापड कातडीला जरा घासलं की मन म्हणतं, आला कुणाचा तरी मेसेज.

[दृश्य : विटेसारख्या दिसणाऱ्या जुन्या हँडसेटची छायाचित्रं.]

३ एप्रिल १९७३. न्यू यॉर्कमध्ये रस्त्यावर उभं राहून मोटोरोलाचे मार्टिन कूपर यांनी हातातल्या मोबाइलवरून पहिला फोन लावला. कुणाला? प्रतिस्पर्धी बेल लॅब्जमधल्या जोएल एंगेल यांना. म्हणजे पहिल्याच कॉलमध्ये थोडा खवचटपणा होता! यंत्राचं वजन किलोभराहून जास्त. दहा वर्षांनी आलेल्या डायनाटॅक ८०००एक्स या मॉडेलवरही जेमतेम अर्धा तास बोलता यायचं आणि चार्जिंगला सुमारे दहा तास लागायचे. अशा यंत्राच्या भरवशावर कोण राहणार?

भरवसा आला तो फोन इतरांची कामं गिळायला लागल्यावर. गजराचं घड्याळ, टॉर्च, कॅमेरा, नकाशा, डायरी, शेवटी पाकीट. एकेक वस्तू गेली तेव्हा सोय वाटली. ती सोय होतीच.

[दृश्य : कोरा कागद. पेन धरलेला, थबकलेला हात.]

चित्रीकरणाच्या वेळी आम्ही आमच्याच माणसांपुढे कोरे कागद ठेवले. पाठ असलेले फोन नंबर लिहा म्हटलं. बहुतेकांची गाडी दोनावर अडली. आमच्या ध्वनिमुद्रकानं तिसरा लिहिला, तो कधीच बंद झालेल्या घरच्या लँडलाइनचा. तो आकडा आकडा दाबून पाठ झालेला. आता बोट नुसतं नावावर टेकतं.

अमेरिकेतल्या बेट्सी स्पॅरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रयोग प्रसिद्ध केले होते. माहिती कॉम्प्युटरमध्ये जपून राहणार, असं ज्यांना वाटलं, त्यांना ती कमी आठवली. याला आळस म्हणावं, असं मला वाटत नाही. वहीत उतरवलेलं माणूस पूर्वीही डोक्यातून काढूनच टाकायचा. फक्त वहीची बॅटरी संपत नसे.

[दृश्य : अंधारात उजळलेला चेहरा. अंगठा वर सरकतोय.]

फोनच्या ओढीचं कारण वेगळं. पान संपलं की वाचणारा थांबतो, निदान मान तरी वर करतो. २००६ मध्ये डिझायनर अझा रास्किन यांनी ‘इनफिनिट स्क्रोल’ रचलं आणि पानाला तळच उरला नाही. पुढे त्यांनी स्वतःच त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. अंगठा सरकतो, पुढचं येतं. बहुतेक बिनकामाचं, मधूनच एखादं मनासारखं. ते कधी येईल याचा नेम नाही, म्हणून तर अंगठा थांबत नाही.

इथवर ‘फोन जरा बाजूला ठेवा’ हा उपदेश चालतो. पुढे नाही.

[दृश्य : बंद पडलेलं कार्ड मशीन. लांबत चाललेली रांग.]

८ जुलै २०२२, कॅनडा. पहाटे फोन आणि इंटरनेट पुरवणाऱ्या एका मोठ्या कंपनीचं नेटवर्क कोसळलं. १ कोटी २० लाखांहून अधिक ग्राहकांची सेवा बंद. देशभर डेबिट कार्डाचे व्यवहार अडले, आणीबाणीचा ९११ नंबर कित्येकांना लागेना. कारण काय, तर देखभाल करताना केलेला एक बदल अंगाशी आला. त्या दिवशी ज्यांनी फोन ठरवून घरी ठेवला होता, तेही दुकानात अडकलेच असणार. त्यांचा संयम तिथं काय कामाचा?

कारण फोन आता सवयीपुरता उरलेला नाही. तिकीट त्यात, पावती त्यात, ओळखपत्र त्यात. खिडकीपलीकडचा माणूस मान वर न करता सांगतो, “ॲपवरून करा.” काही दिवसांनी ती खिडकीही दिसत नाही. फोन हरवला म्हणून बँकेत लॉगिन करावं, तर विचारणा होते, तुम्हीच कशावरून? ओटीपी टाका. आणि ओटीपी गेलेला असतो हरवलेल्या फोनवर.

[दृश्य : प्रवासी बाकावर. स्क्रीनवर बॅटरी १ टक्का.]

परतीचं तिकीट यात आहे. ज्यांच्याकडे जायचंय त्यांचा पत्ता यात आहे, आणि उशीर होतोय हे त्यांना कळवायचा नंबरही.

[स्क्रीन काळी होते. त्यात प्रवाशाचाच चेहरा दिसतो. तो शेजारच्या अनोळखी माणसाकडे वळतो.]

“चार्जर आहे का हो तुमच्याकडे?”