बावीस सेंटिमीटरांचा रणगाडा

जर्मन बनावटीच्या लेपर्ड-२ या रणगाड्याची लांबी, पुढे आलेली तोफ सोडली तर, साधारण ७.७ मीटर. १:३५ या प्रमाणात तो २२ सेंटिमीटरांत बसतो आणि १२० मिलिमीटरच्या तोफेचं भोक साडेतीन मिलिमीटरांपेक्षाही किंचित कमी होतं. याच आकाराच्या प्लास्टिक किटबद्दल आज बोलायचं आहे. दुसऱ्या महायुद्धातले रणगाडे रंगवून हात बसलेला माणूस आधुनिक रणगाड्याशी हमखास चुकतो, कारण तो गंजाच्या मागे लागतो. इथं खरं काम वेगळं आहे. रंगवलेलं पोलाद, रबर, काच, कापड आणि पाय घसरू नये म्हणून दिलेला खरखरीत लेप, हे सगळं एकाच गाडीवर असतं आणि ते नजरेला वेगवेगळं कळलं पाहिजे.

सुरुवात चाकांपासून. लेपर्ड-२ला प्रत्येक बाजूला सात जोडचाकं, म्हणजे साफ करायच्या तबकड्या झाल्या २८. कंटाळवाणं काम आहे, पण टाळता येत नाही. भाग स्प्रूवरून (किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यावरून) तोडताना कटर अगदी भागाला टेकवू नका. एक मिलिमीटर सोडून तोडा, मग उरलेला ठोंब कापा आणि ४०० व नंतर ६०० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासा. पहिल्याच घावात सपाट कापायला गेलात, तर प्लास्टिक ताणलं जाऊन पांढरं पडतं किंवा कडेचा टवका निघतो, आणि तो खड्डा रंगाखाली लपत नाही.

चाकांचे दांडे बसवताना खालचा सांगाडा काचेच्या तुकड्यावर ठेवा. दांड्यांना सावकाश सुकणारं प्लास्टिक सिमेंट लावा, चाकं नुसती अडकवा, सगळी चाकं काचेला टेकली आहेत ना ते पाहा आणि रात्रभर हात लावू नका. एक चाक अर्धा मिलिमीटर वर राहिलं, तरी प्रत्यक्षातली सतरा-अठरा मिलिमीटरची फट होते. साखळी लावल्यावर तेच चाक आधी दिसतं.

साखळीबद्दल एक गैरसमज आहे. जुन्या रणगाड्यांची वरची साखळी चाकांवर लोंबायची, म्हणून लोक इथंही ती लोंबवतात. लेपर्ड किंवा अमेरिकन एब्रॅम्सच्या साखळीच्या खिळांभोवती रबर असतं आणि साखळी ताणलेली असते. तिला झोळ देऊ नका.

तोफेची नळी दोन अर्धुकांची असेल, तर सांध्यावर पेपर लांबीच्या दिशेनं घासू नका, नळी सपाट होते. पेपरची पट्टी नळीभोवती गुंडाळा आणि नळी फिरवा.

आता खरखरीत लेप. मॉडेल इथंच उठून दिसतं किंवा बिघडतं. लेप असतो तो माणसं जिथं पाय देतात तिथं, म्हणजे मुख्यतः वरच्या आडव्या भागांवर. झाकणं, जाळ्या, कड्या आणि भिंगांच्या चौकटी यांवर तो नको. म्हणून बारीक भाग चिकटवण्याआधीच हे उरका. नको असलेली जागा मास्किंग टेपनं झाका, दाट लिक्विड प्रायमर (रंगाआधीचं अस्तर) लावा आणि तो चिकट होऊ लागला की जुन्या, राठ ब्रशनं उभे ठोके द्या. लेप पूर्ण सुकण्याआधीच टेप काढा, नाहीतर कडेला बांध तयार होतो. दाणा जेमतेम दिसेल एवढाच हवा. प्रत्यक्षातला एक मिलिमीटरचा खडा इथं ०.०३ मिलिमीटरचा होतो. बेकिंग सोडा भुरभुरून केलेला लेप बहुतेक वेळा खडीच्या रस्त्यासारखा दिसतो.

नाटोच्या तीन रंगांच्या पट्ट्यांमध्ये हिरवा आरएएल (रंगांना क्रमांक देणारी जर्मन सूची) ६०३१, तपकिरी ८०२७ आणि काळा ९०२१ असतो. काळा रंग बाटलीतून थेट मारू नका, राखाडी मिसळा. छोट्या वस्तूवर शुद्ध काळा भोकासारखा दिसतो आणि पुढे सावलीच्या वॉशला (खाचांत सोडायच्या पातळ, गडद रंगाला) जागाच उरत नाही. अ‍ॅक्रिलिक रंग दुधाइतका पातळ करा, एअरब्रशला (हवेच्या दाबानं रंग फवारणाऱ्या पेनाला) ०.३ मिलिमीटरचा नोझल आणि १५ पीएसआयच्या आसपास दाब पुरतो. एअरब्रश लांब धरला की रंग हवेतच सुकतो आणि धुळीसारखा बसतो. (मग तोच लेप असल्याचं सांगितलं जातं!) फार जवळ धरला, तर कोळ्याच्या पायांसारखे ओघळ फुटतात. पट्ट्यांची कड प्रत्यक्षात दोन सेंटिमीटर मऊ असेल, तर इथं ती अर्ध्या मिलिमीटरची झाली. हातानं मारून एवढी बारीक कड साधणं अवघड, म्हणून चिकट पुट्टीच्या बारीक वळ्या करून कडेनं लावा आणि सरळ वरून फवारा.

डिकलआधी (पाण्यात भिजवून चिकटवायच्या चिन्हांआधी) चमकदार व्हार्निश हवंच. मॅट पृष्ठभागाच्या खळग्यांत हवा अडकते आणि डिकलखाली चंदेरी चट्टे उमटतात.

वॉश इनॅमलचा वापरा, पण पूर आणू नका. सांध्यापुरता थेंब सोडा. पातळ वॉश उघड्या राहिलेल्या प्लास्टिकमध्ये शिरला, की आधीच ताणात बसवलेले चाकांचे दांडे तडकतात आणि सकाळी चाक सुटून पडलेलं असतं. म्हणून सांगाड्याच्या आतल्या बाजूलाही रंगाचा एक हात द्या.

टायर काळे नकोत, गडद राखाडी आणि मॅट. साखळीचे रबरी पॅड धुळकट, पण चाकांना घासणारी मधली शिंगं आणि दातेरी चाकाचे दात पोलादासारखे चमकते. धूळ खालून वर विरळ होत जाते.

मॅट व्हार्निश दमट हवेत मारू नका, पांढुरका धुरळा धरतो. भिंगं त्याच्यानंतर. आधी गडद रंग, त्यावर जांभळट किंवा नारिंगी झाक, मग चमकदार व्हार्निशचा थेंब. जवळ सुपरग्लू वापरलं असेल, तर त्याची वाफ पूर्ण निघून गेल्यावरच, नाहीतर काच धुरकट होते.